ध्वनिफितींची देवघेव

मलकपेठेतील आमच्या घराचा माळा गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आवरावयास काढला, तेव्हा जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांमागे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. उघडून पाहतो तो आत सत्तावीस कॅसेटी. मी इंटरमीजिएटच्या मुलांना इतिहास शिकवितो. सुटी संपल्यावर त्यांतील एक कॅसेट वर्गात घेऊन गेलो आणि ही काय वस्तू आहे असे विचारले. बहुतेकांनी ती ओळखली. परंतु या वस्तूचा पेन्सिलीशी संबंध काय, या प्रश्नाचे उत्तर एकालाही देता आले नाही. ज्या श्रोत्यांनी सैल झालेली फीत पेन्सिलीने फिरवून घट्ट केली आहे, त्यांना माझ्या आजच्या भाषणातील निम्मे तरी आधीच ठाऊक असणार. उरलेले निम्मे कदाचित त्यांनाही नवे वाटेल; कारण मला स्वतःला ते फार उशिरा कळले.

डब्यातील कॅसेटींचे मी तीन ढीग केले.

पहिला आणि सर्वांत मोठा ढीग गाण्यांचा. या कॅसेटी कोणत्याही कंपनीने विक्रीस काढलेल्या नव्हत्या. त्या 'भरून घेतलेल्या' होत्या. माझ्या लहानपणी रेसकोर्सच्या बाजूस एक दुकान होते. तेथे आपण कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी द्यावयाची. चार दिवसांनी दुकानदार ती गाणी भरून देई. अशी दुकाने त्या काळी हिंदुस्थानातील गावोगावी होती. आमचे दुकानदार मात्र निव्वळ नकलनवीस नव्हते. यादी वाचता वाचता ते मान हलवीत आणि आपण लिहिलेला क्रम बदलून टाकीत. दोन उदास गाणी पाठोपाठ आली तर मध्ये एक खेळकर गाणे घालीत, आणि ते का घातले हे विचारल्यास उत्तर देण्याचीही तसदी घेत नसत. वडिलांनी आईसाठी भरून घेतलेल्या एका कॅसेटीवर उर्दू वळणाच्या देवनागरीत 'बरसात' एवढेच लिहिले आहे. दोन्ही बाजू मिळून चौदा गाणी, सर्व पावसाची, आणि शेवटले एक अर्ध्यावर तुटलेले. फीत संपली, त्याला कोण काय करणार?

दुसऱ्याची गाणी घ्यावयाची, पण कोणते आधी आणि कोणते नंतर हे आपण ठरवावयाचे, हा उद्योग कॅसेटीने जन्माला घातला असे नव्हे. रेडिओने तो आधीच शिकविला होता. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली नभोवाणीमंत्री झाले आणि आकाशवाणीने चित्रपटगीतांस जवळजवळ दार लावून घेतले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. या कार्यक्रमाच्या नावातच सारे आले. गीते दुसऱ्यांची, माळ गुंफणाऱ्याची. मुंबई केंद्राच्या 'आपली आवड'ला पोस्टकार्डे पाठविणाऱ्या मराठी श्रोत्यांनाही या सुखाची चव होती. फरक इतकाच की रेडिओवरील माळ एका ठिकाणी गुंफली जाई आणि वाऱ्यावर विरून जाई. कॅसेटीने ती घरोघरी, हातोहाती गुंफता येऊ लागली, आणि जिच्यासाठी गुंफली त्या व्यक्तीच्या हाती देता येऊ लागली.

फिलिप्स कंपनीने ही चिमुकली पेटी १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात प्रथम मांडली. लू ऑटेन्स या डच अभियंत्याच्या हाताखाली ती घडली होती. चार मिलिमीटरांहून अरुंद फीत, तिच्यावर लोहाच्या भस्माचा पातळ लेप, आणि सेकंदास पावणेपाच सेंटिमीटर ही गोगलगायीची चाल. नव्वद मिनिटांच्या कॅसेटीत अशी सुमारे १३० मीटर फीत गुंडाळलेली असते. फिलिप्सने हा आराखडा इतर कारखानदारांस विनामूल्य वापरू दिला, म्हणून कॅसेट जगभर एकाच मापाची झाली. हैदराबादेत भरलेली फीत बर्लिनमध्ये वाजू शके. पुढे जे घडले त्यात या एका गोष्टीचा वाटा फार मोठा आहे.

दुसऱ्या ढिगात पत्रे होती. माझे काका कुवेतला नोकरीस होते. १९७० च्या दशकापासून आमच्या शहरातील हजारो माणसे आखातात गेली. येताना ती 'टू-इन-वन' घेऊन येत, आणि जाताना घरच्यांस कोऱ्या कॅसेटी देऊन जात. ज्यांना लिहिता येत नसे, आणि ज्यांना लिहिता येई पण लिहिताना रडू येई, ती माणसे कॅसेटीत बोलत. काकांच्या एका कॅसेटीच्या अखेरीस जागा उरली म्हणून त्यांनी तेथल्या रेडिओवरील अरबी गाणे भरून पाठविले आहे, आणि 'हे ऐका, मला समजत नाही पण बरे वाटते' असे वर म्हटले आहे. आणखी एका प्रकारच्या कॅसेटी तेलंगणाच्या खेडोपाडी फिरत होत्या; आमच्या डब्यात मात्र त्यांतील एकही नाही. गद्दर आणि जन नाट्य मंडळीची गाणी अशीच हातोहाती गेली. १९८५ ते १९९० या काळात गद्दर स्वतः भूमिगत होते. म्हणून 'भूमिगत संगीत' हा शब्द ऐकला की हैदराबादकराच्या डोळ्यांपुढे प्रथम घोंगडी पांघरलेला, पायांत घुंगरू बांधलेला तो शाहीर उभा राहतो. मला आज ज्या संगीताविषयी बोलावयाचे आहे, त्यालाही इंग्रजीत तेच विशेषण लावतात. परंतु त्याचे बिऱ्हाड वेगळ्या ठिकाणी होते.

तिसऱ्या ढिगात एकच कॅसेट होती. पारदर्शक, नव्वद मिनिटांची. कागदी पट्टीवर निळ्या शाईने काढलेले अर्धवट उगवत्या सूर्याचे चित्र, आणि त्याखाली '५-४०' हा आकडा. गाण्याचे नाव नाही, गाणाऱ्याचे नाही, भरणाऱ्याचेही नाही.

ही कॅसेट आमच्याकडे कशी आली ते मला आठवत होते. आमचे घराणे मूळ वसईकडचे. वडील नोकरीनिमित्त हैदराबादेस आले आणि येथलेच झाले. माझी धाकटी आत्या लग्न होऊन बारदेशात, हणजूणजवळच्या एका वाड्यावर गेली. १९९१ च्या मे महिन्यात ती आमच्याकडे राहावयास आली, तेव्हा कोकमे, फणसाचे गरे आणि ही कॅसेट घेऊन आली. एका परदेशी माणसाने दिली, म्हणाली. आम्ही भावंडांनी ती मोठ्या आशेने लावली. नुसताच ठोका. दहा मिनिटे झाली तरी कोणी गावयास तोंड उघडीना. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, यंत्र बिघडले असेल, बंद करा. आम्ही बंद केले, आणि ती कॅसेट चौतीस वर्षे डब्यात पडून राहिली.

यंत्र बिघडलेले नव्हते. आमच्या हाती जे पडले होते, ते पुढे जगभर 'गोवा ट्रान्स' या नावाने गाजलेल्या संगीताच्या घडणीच्या काळातील एक पान होते. हे संगीत छापखान्यातून अथवा तबकड्यांच्या कारखान्यातून जन्मले नाही. ते अशाच भरलेल्या फितींच्या देवघेवीतून जन्मले.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिका-युरोपातील घर सोडून निघालेली तरुण मंडळी कळंगुट, हणजूण, वागातोरच्या किनाऱ्यांवर उतरू लागली. 'एट-फिंगर एडी' या नावाने प्रसिद्ध असलेला अमेरिकन गृहस्थ हा त्यांतला आद्य पुरुष मानला जातो; तो २०१० साली गोव्यातच वारला. १९७० साली सॅन फ्रान्सिस्कोकडचा गिल्बर्ट लेव्ही हा १८-१९ वर्षांचा मुलगा आला. तो पुढे 'गोवा गिल' झाला, जुना आखाड्याची दीक्षा घेऊन साधूही झाला, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात निवर्तला. आरंभी ही मंडळी वाळूवर गिटार वाजवीत, रॉक संगीत ऐकत. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात वारे बदलले. युरोपात सिंथेसायझर आणि तालयंत्रे यांवर रचलेले एक नवे, कोरडे, यांत्रिक संगीत उदयास येत होते: जर्मनीचे क्राफ्टवर्क, बेल्जियमचे फ्रंट २४२, इंग्लंडचे कॅबरे व्हॉल्टेअर. या संगीताच्या फिती प्रवाशांच्या पिशव्यांतून गोव्यात येऊ लागल्या. जुन्या मंडळींपैकी कित्येकांना हा ठोका मुळीच रुचला नाही. त्यांना आपले गिटारच हवे होते. परंतु रात्रभर नाचणाऱ्यांनी निकाल दिला, आणि यंत्र जिंकले.

या फिरवाफिरवीत लोरां आणि फ्रेड डिस्को या दोघा फ्रेंच माणसांची नावे घेतली जातात. (फ्रेंचांची नावे आम्हां मलकपेठकरांस नवी नाहीत. निजामाचा सेनानी रेमाँ १७९८ साली वारला आणि येथल्या टेकडीवर पुरला गेला. लोकांनी त्याच्या नावाचे 'मूसाराम' केले, आणि मूसारामबाग आजही शहरात आहे.) लोरां आणि त्याच्यासारखे इतर वादक जे करीत त्याला 'वादन' म्हणावे की नाही, असा प्रश्न शास्त्रीय संगीताच्या रसिकांस पडेल. म्हणून ते काय करीत ते थोडे तपशिलाने सांगतो.

युरोपातील नाचघरांत दोन फिरत्या तबकड्या असत. गोव्यात तबकड्या नेणे वेडेपणाचे. त्या जड, उन्हाने वाकतात, वाळूने ओरखडतात. कॅसेट खिशात मावे. तेव्हा या मंडळींनी सोनी कंपनीचे ध्वनिमुद्रण करणारे वॉकमन वापरावयास घेतले. त्यात फितीची चाल किंचित कमी-अधिक करण्याची सोय होती, त्यामुळे एका फितीवरील ठोका दुसरीवरील ठोक्याशी जुळवून, पहिले गाणे विरते न विरते तोच दुसरे उचलता येई. त्याआधी घरी बसून मोठी मशागत केलेली असे. दोन यंत्रे एकमेकांस जोडावयाची, थांबविण्याची कळ दाबत-सोडत एका गाण्यातील नेमका वाद्यांचा भाग तेवढा उतरून घ्यावयाचा, शब्द वगळावयाचे, तोच भाग पुन्हा पुन्हा जोडून लांबवावयाचा. असे का, तर शब्द आले की ऐकणारा अर्थाकडे वळतो आणि पाय थांबतात. आमच्या आईला यंत्राचा बिघाड वाटला, तो मुद्दाम आणि मोठ्या कष्टाने साधलेला परिणाम होता!

आणि रात्रीला एक मांडणी असे. मध्यरात्रीनंतर काळोखे, जड, भीती वाटावी असे संगीत. झुंजुमुंजु झाले की सूर मोकळे होत, चाली गोड होत. पहाटेच्या फिती निराळ्या ठेवलेल्या असत. प्रहर पाहून राग गाणाऱ्या देशात हे लोक राहत होते, याचे मला कौतुक वाटते. आम्हां कॅथलिकांनाही प्रहरांच्या प्रार्थना परिचित आहेत. रात्रीची प्रार्थना आणि पहाटेची स्तुती यांचा सूर एक नसतो. तथापि ही तुलना फार ताणू नये. ही मंडळी प्रार्थनेस जमत नसत. अमली पदार्थ या मेळ्यांच्या पोटातच होते. त्यांनी कित्येकांचे आयुष्य नासले, आणि गावालाही त्याची झळ लागली. ही गोष्ट गाळून हा इतिहास सांगणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

आता देवघेवीकडे येतो. पाऊस लागला की गोव्यातील पाहुणे पांगत. उन्हाळ्याचे महिने ते बर्लिन, लंडन, ॲमस्टरडॅम, पॅरिस येथे काढीत आणि तेथील नवीन गाणी जमवीत. नोव्हेंबरात परतत ते भरलेल्या पिशव्या घेऊन. मग भाड्याच्या खोल्यांतून, फुटक्या कौलांखाली, फितींवरून फिती उतरविल्या जात. तू मला ही दे, मी तुला ती देतो. कोणी उदार असत, कोणी आपल्या फिती जिवापाड जपत आणि नावाच्या पट्ट्या खरवडून टाकीत, म्हणजे दुसऱ्याला मूळ सापडू नये. १९८७ साली सोनीने 'डॅट' नावाची नवी फीत काढली. तिच्यावर आवाज आकड्यांच्या रूपाने नोंदला जाई. कॅसेटीवरून कॅसेट उतरविली की खरखर वाढते, प्रतीची प्रत आणखी मलूल होते. डॅटची शंभरावी प्रतही पहिलीसारखीच. दशकाच्या अखेरीस गोव्यात डॅट आली आणि देवघेवीचे रूप बदलले. आता संगीतकारच आपली ताजी, कोठेही प्रसिद्ध न झालेली रचना एखाद्या वादकाच्या हाती देऊ लागले. परंतु डॅटच्या यंत्रात चाल बदलता येत नसे, ठोका जुळविता येत नसे. म्हणून या रचनांचा आरंभ आणि शेवट लांब, ठोक्याविना, तरंगता ठेवण्याची रीत पडली असे जाणकार सांगतात. गोवा गिल तर शेवटपर्यंत डॅटच वाजवीत राहिला.

या साऱ्या गोष्टींत हणजूणचे लोक कोठे होते? आत्या तेथे होती. मेळ्याच्या कडेने गावच्या बायका चटया अंथरीत, रॉकेलचे दिवे लावीत, आणि रात्रभर चहा, ऑम्लेट-पाव, केळी विकीत. नाताळच्या रात्री आत्या मध्यरात्रीची मिस्सा आटोपून घरी येई, चांगले पातळ सोडून साधे नेसे, आणि स्टोव्ह व अंडी घेऊन माडांखाली जाऊन बसे. तिच्या मुलांच्या शाळेची फी तीन-चार हंगाम या चहावर भागली. आरुण साल्दान्हा या अभ्यासकाने २००७ साली या मेळ्यांवर इंग्रजीत एक ग्रंथ प्रसिद्ध केला. पहाट झाली की गोऱ्या नर्तकांचे कोंडाळे कसे घट्ट होते आणि हिंदी माणूस न हाकलताही कसा बाहेर पडतो, हे त्यात टिपले आहे. आत्याने तो ग्रंथ वाचलेला नाही, पण ती म्हणते ते हेच.

तरी गोमंतकीय म्हणजे केवळ चहा विकणारे, असे चित्र कोणी मनात धरू नये. हणजूणपासून जवळच शिवोली गाव आहे. तेथील रेमो फर्नांडिस या तरुणाने १९८४ साली 'गोअन क्रेझी' ही कॅसेट आपल्या घरातच तयार केली. चार मार्गांचे साधे कॅसेट-यंत्र, सर्व वाद्ये स्वतः वाजविलेली, स्वतः गायिलेले, आणि विक्री स्कूटरवरून दुकानोदुकानी फिरून. आल्फ्रेड रोझ यांच्यासारख्यांची कोंकणी कांतारे कॅसेटींवरून आखातापर्यंत जात होती. म्हणजे एकाच तालुक्यात, एकाच मापाच्या फितीवर, दोन जगे शेजारी शेजारी वाजत होती, आणि एकाला दुसऱ्याची फारशी दखल नव्हती.

आणि येथेच मला मुंबईची एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९८२ साली चरणजित सिंग या चित्रपटसृष्टीतील वादकाने तीन जपानी यंत्रे घेतली. एक सिंथेसायझर, एक तालयंत्र, आणि गिटारवाल्यास सरावासाठी मंद्र स्वरांची साथ देणारी एक छोटी पेटी. त्यांवर त्यांनी भैरव, यमन, मेघमल्हार यांसह दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसविले. एच.एम.व्ही.सारख्या मातब्बर कंपनीने त्याची तबकडी काढली. ती खपली नाही. पाच वर्षांनी, १९८७ साली, शिकागोत 'फ्युचर' नावाच्या मंडळींनी त्याच छोट्या पेटीतून जे आवाज काढले, त्यांतून 'ॲसिड हाउस' नावाचा संप्रदाय निघाला आणि युरोपभर पसरला. सिंग यांची तबकडी २००२ साली एडो बाऊमन या डच संग्राहकास दिल्लीत मिळाली. २०१० मध्ये त्याने ती पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा जग चकित झाले. सत्तरी ओलांडलेले सिंग युरोपात कार्यक्रम करून आले आणि २०१५ साली वारले. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत तर १९६९ सालीच डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मूग सिंथेसायझर बसवून दिला होता. त्यावर गीता साराभाई आदींनी केलेल्या रचनांच्या फिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या, आणि पॉल परगस या ब्रिटिश कलावंताने त्या शोधून काढल्यावर २०२३ साली प्रसिद्ध झाल्या.

इतिहास शिकविणाऱ्या माणसाला या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की अडखळावयास होते. सिंग यांच्या तबकडीस कंपनी होती, छापील वेष्टन होते, नाव-साल होते; परंतु ती कोणी कोणासाठी उतरून घेतली नाही, म्हणून वीस वर्षे ती मुकी राहिली. हणजूणच्या फितींस यातले काहीच नव्हते; पण त्या हातोहाती गेल्या, म्हणून त्यांतून जगाचे एक नवे संगीत उभे राहिले. एक टिकले पण ऐकले गेले नाही. दुसरे ऐकले गेले आणि आता टिकत नाही.

कारण त्या देवघेवीची दप्तरे कोणीच ठेवली नाहीत. ठेवणार कशी? कायद्याच्या दृष्टीने ती चोरीच होती. १९८० च्या दशकाच्या आरंभी घरी फिती भरल्याने संगीताचा जीव जात आहे, असा ओरडा ब्रिटनच्या तबकडी-कंपन्यांनी केला. आपल्याकडे १९८४ साली स्वामित्वहक्काचा कायदा कडक झाला. ज्यांची गाणी उतरून घेतली त्या कलावंतांना छदामही मिळाला नाही, हे खरे आहे आणि ते मला सलते. पण ज्या गाण्याला कोणतीही कंपनी हात लावत नव्हती, ते या चोरीवाचून कोणाच्या कानी गेलेच नसते, हेही तितकेच खरे आहे.

पुढे या संगीताला राजमान्यता मिळाली, आणि गंमत अशी की ती रेडिओने दिली. १८ डिसेंबर १९९४ रोजी बी.बी.सी.च्या रेडिओ १ वर पॉल ओकनफोल्ड यांचा दोन तासांचा 'गोवा मिक्स' प्रक्षेपित झाला. गोव्यात फिरत असलेल्या तऱ्हेच्या रचना त्यांनी चित्रपटांच्या पार्श्वसंगीताशी गुंफून मांडल्या होत्या. इंग्लंडातील मुलांनी तो कार्यक्रम काय केला असेल? कॅसेटींवर उतरून घेतला आणि एकमेकांस दिला! त्याच सुमारास लंडनच्या दुकानांत 'गोवा' नावाचा एक स्वतंत्र कप्पा दिसू लागला. त्या कप्प्यातील संगीतकार ब्रिटिश, जर्मन, फ्रेंच, इस्रायली. बारदेशाचे नाव वेष्टनावर, बारदेशाचा माणूस आत जवळजवळ नाही. इकडे किनाऱ्यावरील मेळे मोठे झाले, धंदा झाले. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आणि २००५ मधील सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय यांमुळे रात्री दहानंतर उघड्यावर कर्णे लावण्यास बंदी झाली. ज्यांची घरे त्या आवाजाखाली थरथरत, त्यांच्या झोपेचा विचार करता मला या बंदीविषयी दुःख होत नाही. पण चटईवाल्या बायकांची कमाई तिच्याबरोबर गेली, याची नोंद कोणत्याही निर्णयात नाही.

आमच्या कॅसेटीचे काय झाले ते सांगून थांबतो. कोकणच्या दमट हवेने फितीवर पांढरी बुरशी धरली होती, आणि लेप सुटून कळव्याला चिकटत होता. लोखंडाचे भस्म टिकते. ते फितीला चिकटवून ठेवणारा गोंद टिकत नाही, ओल शोषून चिकचिकीत होतो. टीव्ही टॉवरच्या रस्त्यावर जुने रेडिओ दुरुस्त करणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांनी फीत नव्या पेटीत घातली, कापसाने पुसली, आणि एकदाच वाजेल, पुन्हा भरवसा नाही, असे बजावले. माझ्या एका विद्यार्थ्याने ती संगणकावर उतरून घेतली. पहिल्या बाजूची एकेचाळीस मिनिटे मिळाली, दुसरीची जेमतेम बारा. मी ती सलग ऐकली. पहिली काही मिनिटे तोच कोरडा ठोका. मग त्यावर एक लांब सूर येतो, त्यात दुसरा मिसळतो, ठोका मागे सरतो, आणि सुमारे अर्ध्या तासानंतर खरोखरच खिडकी उघडल्यासारखे होते. मध्ये दोन ठिकाणी जोड लागलेला कळतो. तेथे कोणीतरी कळ दाबून सोडली आहे. ५-४० म्हणजे काय, ते तेव्हा ध्यानात आले. ही फीत त्या वेळी लावावयाची होती.

आत्याला फोन केला. ती आता पंचाहत्तरीची आहे. तिला थोडेसे ऐकविले. ती म्हणाली, "आयकला रे पुता, असले खूप आयकले. सकाळचे आहे हे. हे लागले की आम्ही स्टोव्ह विझवून भांडी धुवायला घ्यायचो."

मी विचारले, "आत्या, ही कॅसेट तुला कोणी दिली? त्याचे नाव काय होते?"

"नाव कोण विचारतो? आम्ही त्याला साखरो म्हणायचो. चहात चार चमचे साखर घालायला लावायचा आणि पैसे दुसऱ्या दिवशी आणून द्यायचा. त्या वर्षी जाताना पैसे नव्हते त्याच्याकडे, म्हणून ती दिली. आहे काय अजून?"

आहे, म्हणालो.